आकडे हाती कसे आले ते आधी पाहा: आरोग्य आणि सर्वेक्षणासाठी नवं वितरण, नवा एस्टिमेटर घडवण्याची रीत

मिरजेतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात एका रात्री बारा वाजता सगळ्या वॉर्डांतून फिरून खाटेवरच्या ६० रुग्णांची नोंद घेतली, असं धरा. प्रत्येकाला डिस्चार्ज मिळेपर्यंत थांबलो, मुक्कामाचे दिवस मोजले, सरासरी आली ६ दिवस. मग इथं दाखल होणारा रुग्ण सरासरी किती दिवस राहतो? सहा म्हणाल तर चुकलात, आणि चूक थोडीथोडकी नाही. दहा रात्री राहणारा रुग्ण दहापैकी कुठल्याही रात्री तुमच्या यादीत सापडतो. एक रात्र राहून सांगलीला परतणारा फक्त त्या एकाच रात्री सापडतो. म्हणजे लांब मुक्कामाचे रुग्ण यादीत दहापट सहज शिरतात. याच आकड्यांवरून पुढे रीतसर हिशेब मांडला, तर खरी सरासरी साधारण ३.६ दिवस निघते. (६० रुग्ण आणि ६ दिवस हे आकडे उदाहरणापुरते आहेत. हिशेब मात्र तुम्ही कागदावर करून पडताळू शकता.)

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. नवं वितरण, म्हणजे कुठला आकडा किती वेळा येईल हे सांगणारं सूत्र, जुन्या सूत्राला आणखी एक प्राचल (आकड्यांवरून ठरवायचा स्थिरांक) चिकटवून घडत नाही. आकडे ज्या वाटेनं हाती आले त्या वाटेनं त्यांचा आकार बदललेला असतो, तो बदल सूत्रात उतरवला की वितरण घडतं. एस्टिमेटरचंही, म्हणजे नमुन्यावरून खरी किंमत अंदाजण्याच्या सूत्राचंही, तेच. साताऱ्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या सर्वेक्षणात नेमकं हेच दाखवलं होतं. शेतात फार लहान तुकडा आखून कापणी केली की उत्पादनाचा अंदाज फुगतो, कारण कडेवरची रोपं मोजणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात. तुकडा लहान तसा त्याच्या क्षेत्राच्या मानानं परीघ मोठा, म्हणून फुगवटाही मोठा. गणिताला हात लावण्याआधी त्यांनी मोजणाऱ्याचा हात पाहिला.

आधी आकड्यांची तक्रार लिहून काढा

नवं वितरण शोधायला बसण्यापूर्वी एका कागदावर लिहा: जुनी वितरणं या आकड्यांना नेमकी कुठं बसत नाहीत? उजवीकडची शेपटी लांब आहे? शून्यं जास्त आहेत? धोक्याचा दर (आजवर राहिलेल्याला आज सुटी मिळण्याची शक्यता) आधी चढून मग उतरतो? ही तक्रार एका वाक्यात सांगता येत नसेल, तर नव्या वितरणाची गरज अजून सिद्ध झालेली नाही.

मग रजिस्टर पाहा. आरोग्याच्या नोंदीत हमखास आढळणाऱ्या काही गोष्टी सांगतो. हातानं फुगवायच्या यंत्रावर मोजलेला रक्तदाब ० वर संपतो, म्हणजे १२०, १३०, १४० चे ढीग साचतात. वय ४५, ५०, ५५, ६० ला गोळा होतं. एखाद्या आकड्याचा शेवटचा अंक ० असण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास हवं (रक्तदाबाच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतील तर २० टक्के), ते त्याहून बरंच जास्त दिसलं तर तो मोजणाऱ्याच्या सवयीचा खुणेचा दगड आहे, रोगाचा नाही. अशा ढिगांना सामावून घेणारं दोन शिखरांचं नवं वितरण बसवणं म्हणजे नर्सच्या पेनाला वितरण बसवणं.

मुक्कामाचे दिवस कसे मोजले तेही विचारा. काही ठिकाणी दाखल झाल्याचा आणि सुटीचा असे दोन्ही दिवस धरतात, काही ठिकाणी मधल्या रात्री. सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी गेलेला रुग्ण एका पद्धतीत १, दुसरीत ०. आणि मध्यरात्रीच्या गणतीत तो कधी सापडतच नाही.

ओपीडीच्या भेटींसारखे मोजणीचे आकडे असतील तर शून्यांकडे पाहा. प्वासाँ वितरणाची (सगळ्यांसाठी एकाच दरानं, एकमेकांशी संबंध नसताना घडणाऱ्या घटनांच्या मोजणीचं वितरण) सरासरी ०.७ असेल तर शून्यं साधारण ५० टक्के अपेक्षित. प्रत्यक्षात ७० टक्के दिसली तर दोन शक्यता असतात. काही घरं दवाखान्यात जातच नाहीत, किंवा घराघरांत भेटींचा दर वेगळा आहे. पहिल्यासाठी लँबर्ट यांनी १९९२ मध्ये मांडलेलं शून्य-फुगवलेलं प्वासाँ, दुसऱ्यासाठी ऋण द्विपद. दोन्ही बसवून पाहा. बहुतेक वेळा इथंच काम भागतं.

मूळ वितरण निवडताना त्याची गोष्ट पाहा

खाटेच्या उदाहरणासाठी लिंडली वितरण घेऊ, १९५८ चं. त्याचं घनता फल (कुठला मुक्काम किती संभवतो हे सांगणारं सूत्र) असं. क्ष म्हणजे मुक्कामाचे दिवस, ई म्हणजे २.७१८ हा स्थिरांक, आणि थीटा या प्राचलाला पुढे फक्त ‘थ’ म्हणू:

फ(क्ष) = थ² ÷ (थ + १) × (१ + क्ष) × ई^(−थ·क्ष), जिथं क्ष शून्याहून मोठा.

हे का? कारण ते दोन वितरणांची मिसळ आहे आणि त्या मिसळीला वॉर्डात अर्थ आहे. थ ÷ (थ + १) इतक्या संभाव्यतेनं रुग्ण एकाच टप्प्यात घरी जातो: सलाईन, निरीक्षण, सुटी. उरलेल्या संभाव्यतेनं त्याला दोन टप्पे लागतात: आधी शस्त्रक्रिया, मग सावरणं. पहिल्या गटाचं वितरण घातांकी, दुसऱ्याचं २ आकार असलेलं गामा. एकच प्राचल, पण चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. सरासरी (थ + २) ÷ [थ(थ + १)].

त्याचा धोक्याचा दर थ² ÷ (थ + १) पासून चढत चढत थ कडे जातो, कधी उतरत नाही. तुमच्या आकड्यांत दर उतरत असेल (आठवडाभर राहिलेला रुग्ण पुढे महिनाभर राहतो, असं दिसत असेल), तर लिंडली इथंच सोडून द्या.

नमुन्याची वाट सूत्रात उतरवणं

खाटेवर सापडण्याची शक्यता मुक्कामाच्या प्रमाणात आहे. म्हणून हाती आलेल्या आकड्यांचं वितरण क्ष × फ(क्ष) ÷ सरासरी असं होतं. लिंडलीत घालून सोडवलं की:

ग(क्ष) = थ³ ÷ (थ + २) × क्ष(१ + क्ष) × ई^(−थ·क्ष).

पडताळणी कागदावरच करा. क्ष·ई^(−थ·क्ष) चं शून्य ते अनंत संकलन १ ÷ थ², क्ष²·ई^(−थ·क्ष) चं २ ÷ थ³. बेरीज (थ + २) ÷ थ³. थ³ ÷ (थ + २) नं गुणलं की १. नवं वितरण मांडताना ही एक ओळ वगळली जाते आणि पुढचे सगळे तक्ते चुकतात, असं फार वेळा होतं. संगणकावर थ ची चार-पाच मूल्यं घेऊन आकडेमोडीनं संकलन करा, प्रत्येक वेळी १.०००० यायला हवं.

हे वितरण तुमच्या आधी कुणी मांडलंय का, हे आत्ताच शोधा, शेवटी नाही. या उदाहरणातलं मांडलेलं आहेच. क्ष ऐवजी क्ष चा कुठलाही घात भार म्हणून घेतलेलं दोन प्राचलांचं ‘भारित लिंडली’ २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. नवीन वितरणांच्या नावांची रेलचेल इतकी आहे की नाव वेगळं आणि सूत्र तेच, असे प्रकार सर्रास घडतात. म्हणून नाव नाही, सूत्र शोधा. प्राचलांची अदलाबदल करून, थ च्या जागी १ ÷ थ ठेवूनही पाहा.

प्राचल काढणं

लाइकलिहूड म्हणजे थ ची एखादी किंमत धरली तर नेमके हेच आकडे येणं किती संभवतं. त्याचा लॉग घेऊन विकलन केलं की समीकरण येतं:

३ ÷ थ − १ ÷ (थ + २) = म, इथं म म्हणजे नमुन्याची सरासरी.

डावी बाजू सरळ केली की ती ग(क्ष) ची सरासरीच निघते, २(थ + ३) ÷ [थ(थ + २)]. म्हणजे आघूर्णांची पद्धत (नमुन्याची सरासरी वितरणाच्या सरासरीशी जुळवणं) आणि लाइकलिहूडची पद्धत इथं एकच उत्तर देतात. या दोन ‘वेगवेगळ्या’ पद्धतींची तुलना करणारा तक्ता छापू नका. उत्तर वर्गसमीकरणातून मिळतं:

थ = [१ − म + √(म² + ४म + १)] ÷ म.

म = ६ घाला: √६१ = ७.८१०, त्यातून ५ वजा, ६ नं भागा, थ = ०.४६८. ही किंमत मूळ लिंडलीच्या सरासरीत घाला: २.४६८ ÷ (०.४६८ × १.४६८) = ३.६ दिवस, सुरुवातीला सांगितलेला आकडा हाच. खाटा किती लागतील याचा हिशेब ६ वर केला काय आणि ३.६ वर केला काय, यात रुग्णालयाच्या विस्ताराचं अख्खं अंदाजपत्रक बदलतं.

स्टँडर्ड एररसाठी दुसरं विकलन: न × [३ ÷ थ² − १ ÷ (थ + २)²]. न म्हणजे रुग्णांची संख्या, न = ६० ला ते सुमारे ८११ येतं, त्याचं वर्गमूळ काढून १ ला भागलं की ०.०३५. थ साठी ९५ टक्के विश्वास-अंतर ०.४०० ते ०.५३७, आणि सरासरी मुक्कामासाठी ३.१ ते ४.३ दिवस. अंतराची टोकं सरासरीच्या सूत्रातून नेलीत की दिशा उलटते हे लक्षात ठेवा, थ मोठा तर मुक्काम लहान.

आणखी एक गोष्ट, छोट्या नमुन्यात थ सरासरीनं थोडा जास्त येतो. नमुन्याची सरासरी बायसमुक्त आहे (एकाच बाजूला झुकत नाही), पण तिच्यावरून थ देणारा वक्र खाली उतरणारा आणि बहिर्वक्र आहे, त्यामुळे थ ची अपेक्षा वर सरकते. २५ रुग्णांवर काम करत असाल तर जॅकनाइफनं (एकेक रुग्ण वगळून पुन्हा हिशेब) किंवा बूटस्ट्रॅपनं (पुन्हा पुन्हा नमुने काढून हिशेब) हा बायस काढून टाका.

वितरणाशिवाय येणारं उत्तर शेजारी ठेवा

याच प्रश्नाला सर्वेक्षणाच्या अंगानं भिडता येतं. ज्या रुग्णाची सापडण्याची शक्यता क्ष च्या प्रमाणात, त्याला १ ÷ क्ष इतका भार द्या. हॉर्विट्झ आणि थॉम्पसन यांच्या १९५२ च्या एस्टिमेटरमागची कल्पना हीच. हिशेब केला की सरासरी मुक्कामाचं उत्तर येतं न ÷ Σ(१ ÷ क्ष), म्हणजे नमुन्याचा हरात्मक मध्य. कुठलंही वितरण गृहीत धरलेलं नाही.

मग लिंडलीची गरजच काय? इथं थोडं थांबा, कारण या विषयातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी जागा हीच आहे. १ ÷ क्ष चा व्हेरियन्स (विखुरणीचं माप) काढायला गेलात, तर मूळ वितरणात १ ÷ क्ष ची अपेक्षा लागते. लिंडलीची घनता शून्यापाशी शून्य नसते, ती थ² ÷ (थ + १) असते. त्यामुळे ती अपेक्षा अनंत होते, आणि हरात्मक मध्याच्या मागचा व्हेरियन्सही अनंत. रजिस्टरमध्ये तासांत मुक्काम नोंदलेला असेल आणि एक रुग्ण मध्यरात्रीच्या आगेमागे दोन तासच राहिला असेल, तर त्याचा क्ष ०.०८, भार १२ च्या वर. साठ जणांत तो एकटा, एक दिवस राहिलेल्या बारा जणांइतकं बोलतो आणि सरासरी खाली खेचतो. मुक्काम पूर्ण रात्रींत मोजला तर सगळ्यात लहान क्ष १ असतो आणि ही अडचण उरत नाही. म्हणून रात्रींत मोजा, दोन्ही उत्तरं काढा. हरात्मक मध्य आणि लिंडलीचं उत्तर एकमेकांच्या जवळ असतील तर वितरणावर भरवसा ठेवता येतो. फार लांब असतील, तर दोहोंपैकी काहीतरी खोटं बोलतंय, आणि बहुधा ते मूळ वितरणच असतं.

रात्रींत मोजलेल्या आकड्यांना अखंड घनता फल लावताना लाइकलिहूडमध्ये एका बिंदूची घनता न घेता क्ष − ०.५ ते क्ष + ०.५ एवढ्या पट्ट्याचं क्षेत्रफळ घ्या. ग(क्ष) हीसुद्धा दोन गामांची मिसळ आहे, थ ÷ (थ + २) संभाव्यतेनं २ आकाराचं, बाकी ३ आकाराचं. संचयी फल त्याच मिसळीतून मिळतं.

डिस्चार्जपर्यंत थांबला नाहीत तर

गणतीच्या रात्री ‘दाखल होऊन किती दिवस झाले’ एवढंच विचारलं आणि घरी आलात, तर वरचं ग(क्ष) लागू नाही. हे उलटलेले दिवस मूळ वितरणाच्या उरण्याच्या फलाप्रमाणे वागतात, म्हणजे घनता = (मुक्काम क्ष पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता) ÷ सरासरी. त्यांची अपेक्षित सरासरी पूर्ण मुक्कामाच्या गणतीतल्या सरासरीच्या बरोबर निम्मी, आपल्या उदाहरणात ३. हा ३ घेऊन ‘सरासरी मुक्काम ३ दिवस’ असं लिहिलं की तेही चूक. दोन्ही प्रकारचे आकडे एकाच रकान्यात मिसळलेले असतील, काहींचा डिस्चार्ज कळला, काहींचा नाही, तर प्रत्येक ओळीला तिचं स्वतःचं लाइकलिहूड द्यावं लागतं. मिरजेत बेळगाव, विजापूरकडून येणारे रुग्ण पुष्कळ, त्यांचा पाठपुरावा अर्धवट सुटण्याची शक्यता जास्त. अशांना गाळून टाकलं तर पुन्हा लांबच्या गावचेच रुग्ण निवडून गाळले जातात.

आणखी एक प्राचल हवाच असेल

आता भार क्ष ऐवजी क्ष^क घ्या आणि क आकड्यांवर सोडा. घनता फल असं होतं: थ^(क + २) ÷ [Γ(क + १) × (थ + क + १)] × क्ष^क × (१ + क्ष) × ई^(−थ·क्ष), इथं Γ म्हणजे गामा फल. क = ० ठेवला की लिंडली परत यायला हवं, क = १ ला वरचं ग(क्ष). ही दोन्ही टोकं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. क = १ हे गृहीतक २ × लॉग-लाइकलिहूडच्या फरकानं तपासता येतं, ५ टक्के पातळीला सीमा ३.८४, फरक त्याहून मोठा आला तर क = १ नाकारा.

पण क चा अंदाज ०.४ आला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? निवड शुद्ध मुक्कामाच्या प्रमाणात नव्हती, असा एक. मूळ वितरण लिंडली नव्हतंच, असा दुसरा. नुसत्या खाटेच्या गणतीवरून हे दोन वेगळे काढता येत नाहीत, कितीही रुग्ण घेतले तरी. वेगळे काढायला त्याच रुग्णालयाच्या दाखल-रजिस्टरमधून एक महिन्याचे सगळे रुग्ण ओळीनं घ्यावे लागतात. तिथं मुक्कामाचा पक्षपात नसतो, म्हणून मूळ वितरण तिथून आणि क गणतीतून. प्राचल वाढवण्याआधी तो प्राचल ओळखता येईल अशी माहिती आपल्याकडे आहे का, हे पाहणं म्हणजे हेच.

चार-पाच प्राचलांच्या सूत्रांत ही अडचण आकड्यांतूनही दिसते. सुरुवातीची किंमत बदलली की उत्तर बदलतं, दोन प्राचलांच्या अंदाजांतला सहसंबंध ०.९९ येतो, हेसियन मॅट्रिक्सचा (लॉग-लाइकलिहूडच्या दुसऱ्या विकलनांचा तक्ता) व्यस्त निघत नाही. सॉफ्टवेअरनं इशारा दिला की तो दाबू नका. प्रत्येक प्राचलासाठी प्रोफाइल लाइकलिहूडचा (तो प्राचल एका किमतीला धरून बाकीचे उत्तम निवडल्यावर येणारं लाइकलिहूड) आलेख काढा, तो सपाट माळरानासारखा दिसला तर तो प्राचल काढून टाका. धन प्राचलांचा लॉग घेऊन शोध चालवा, म्हणजे शोध ऋण बाजूला घसरत नाही.

सिम्युलेशन

नमुना-आकार २५, ५०, १००, २००, ५००. प्रत्येकाला ५,००० फेऱ्या. ग(क्ष) मधून आकडे काढणं सोपं आहे, वर सांगितलेली मिसळ वापरा. प्रत्येक आकाराला बायस, सरासरी वर्ग-चूक आणि ९५ टक्के अंतरात खरी किंमत किती वेळा सापडली, हे तिन्ही द्या. ५,००० फेऱ्यांत त्या शेवटच्या प्रमाणाची स्वतःची चूक ०.३ टक्के असते, म्हणून ९४.६ आणि ९५.१ मध्ये फरक शोधत बसू नका. ९१ आलं तर मात्र कारण शोधा.

प्राचलांची खरी मूल्यं ‘०.५, १, २’ अशी सोयीची घेऊ नका, तुमच्या आकड्यांतून आलेली घ्या. आणि ज्या फेऱ्यांत शोध फसला त्या मोजून लिहा. त्या गुपचूप गाळल्या की तक्ता सुंदर दिसतो आणि खोटा असतो. एक तक्ता मुद्दाम चुकीच्या मूळ वितरणाचाही हवा: आकडे वायबुलमधून काढा, लिंडली बसवा, मुक्काम किती चुकतो ते पाहा.

बसलं की नाही

कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह कसोटी आकड्यांचा वक्र आणि वितरणाचा वक्र यांच्यातलं सगळ्यात मोठं अंतर पाहते. तिची छापील पी-किंमत प्राचल आधीपासून माहीत असतील तरच खरी. त्याच आकड्यांतून प्राचल काढून तीच कसोटी लावली की वितरण बसल्यासारखं दिसतं, पी-किंमत फुगते. लिलीफोर्स यांनी १९६७ मध्ये प्रसामान्य वितरणासाठी याचे वेगळे तक्तेच दिले. नव्या वितरणाला तक्ता नसतो, म्हणून बूटस्ट्रॅप: बसवलेल्या वितरणातून ६०-६० चे १,००० नमुने काढा, प्रत्येकात प्राचल नव्यानं काढा, अंतर मोजा, तुमचं अंतर त्यांत कितवं ते पाहा. मधली ‘प्राचल नव्यानं काढा’ ही पायरी गाळली की सगळं व्यर्थ.

एआयसीमध्ये (वितरण किती बसलं आणि प्राचल किती लागले हे दोन्ही तोलणारा आकडा, लहान तितका चांगला) २ पेक्षा कमी फरक असेल तर जिंकलो म्हणू नका. तुलना साध्या गामा, वायबुल, लॉगनॉर्मलशी करा, आपल्याच घराण्यातल्या दुबळ्या भावंडांशी नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या १२८ रुग्णांचे तेच ते आकडे शेकडो नव्या वितरणांना लावून झाले आहेत. तुमच्या वितरणाची तक्रार तिथं नाहीच, तर ते तिथं नेऊ नका.

आता गावाकडे: सहायक माहितीचे एस्टिमेटर

साताऱ्याच्या पाटण, जावळीत उपकेंद्राला ३,००० लोकसंख्येचा निकष, सपाटीला ५,००० चा. गावागावातले उच्च रक्तदाबाचे रुग्ण मोजायचेत (य), सगळ्या गावांची लोकसंख्या हाती आहे (क्ष). नमुन्यातल्या गावांची य ची सरासरी, लोकसंख्येच्या गुणोत्तरानं सुधारली की गुणोत्तर एस्टिमेटर. १९४० मधलं कोक्रनचं काम. पुढे बाहल आणि तुतेजा यांनी १९९१ मध्ये घातांकी रूप दिलं: य-सरासरी × ई^[(क्ष-समष्टी − क्ष-नमुना) ÷ (क्ष-समष्टी + क्ष-नमुना)]. इथं क्ष-समष्टी म्हणजे सगळ्या गावांची सरासरी लोकसंख्या, क्ष-नमुना म्हणजे नमुन्यातल्या गावांची.

कुठला कधी, ते एका उदाहरणात. य चा विचरण-गुणांक (प्रमाण विचलन ÷ सरासरी) ०.८, क्ष चा ०.६. सगळ्यांना समान असलेला घटक बाजूला ठेवला, तर साध्या सरासरीची वर्ग-चूक ०.६४०. सहसंबंध ०.७ असेल तर गुणोत्तराची ०.३२८, घातांकीची ०.३९४, प्रतिगमनाची (य आणि क्ष मध्ये सरळ रेषा बसवून सुधारलेली सरासरी) ०.३२६. सहसंबंध ०.४ वर आला की गुणोत्तराची ०.६१६, म्हणजे साध्या सरासरीच्या जेमतेम खाली, आणि घातांकीची ०.५३८, प्रतिगमनाचीही ०.५३८. सूत्र असं: सहसंबंध × (य चा गुणांक ÷ क्ष चा गुणांक) ही किंमत १ च्या जवळ असेल तर गुणोत्तर, ०.५ च्या जवळ असेल तर घातांकी, ०.५ च्याही फार खाली तर काहीच नको.

नवा एस्टिमेटर मांडणाऱ्यानं ०.५३८ हा आकडा दोनदा आलेला पाहावा. क्ष-नमुना आणि क्ष-समष्टी यांच्या गुणोत्तराचं कुठलंही गुळगुळीत फल घ्या, त्यात स्थिरांक टाकून तो उत्तम निवडा, पहिल्या क्रमापर्यंतची किमान वर्ग-चूक प्रतिगमन एस्टिमेटरइतकीच येते. श्रीवास्तव यांनी हे १९७१ मध्ये दाखवलं. त्यामुळे ‘माझा एस्टिमेटर गुणोत्तरापेक्षा सरस’ याला अर्थ नाही. तो प्रतिगमनापेक्षा सरस दाखवायचा तर नवी माहिती आणावी लागते: दुसरा सहायक चल, स्तर, क्ष चा क्रमांक. किंवा न १५–२० इतका लहान, जिथं पहिल्या क्रमाची सूत्रं पुरत नाहीत, तिथं सिम्युलेशननं.

क्ष कुठून आला हेही विचाराच. २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या कराडच्या आसपासच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या हंगामात अपुरी पडते, कारण फडावर मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या असतात. विटा, खानापूर, आटपाडी भागात उलट. तिथले गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले लोक कुटुंबासह देशभर पांगलेले, यादीत घर आहे, दाराला कुलूप. अशा गावांत सहसंबंध ०.७ वरून ०.४ वर यायला वेळ लागत नाही. ही गावं वेगळा स्तर करा, प्रत्येक स्तराचा सहसंबंध वेगळा काढा.

गावं गुच्छ म्हणून निवडली असतील तर एका गावातल्या लोकांचं साम्य विसरू नका. गावामागे २० माणसं आणि गावांतर्गत सहसंबंध ०.०५ असला तरी डिझाइनचा परिणाम १ + १९ × ०.०५ = १.९५. ४०० जणांचा नमुना २०५ जणांइतकाच बोलतो. वितरण बसवताना लाइकलिहूडला भार लावा आणि स्टँडर्ड एरर गाव-गाव वगळून जॅकनाइफनं काढा. हेसियनवरून आलेला एरर इथं कमी पडतो.

कुलूपबंद घरांसाठी हॅन्सेन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये दिलेली वाट अजूनही उत्तम आहे. २०० घरं निवडली, १४० भेटली, ६० बंद. त्या ६० मधून यादृच्छिक २० निवडा आणि ती मिळेपर्यंत पाठ सोडू नका. भेटलेल्यांत महिन्याला सरासरी ०.९ ओपीडी भेटी, चिकाटीनं गाठलेल्यांत ०.३, तर अंदाज (१४० × ०.९ + ६० × ०.३) ÷ २०० = ०.७२. व्हेरियन्समध्ये या २० घरांचा वाटा मोठा असतो, कारण प्रत्येक घर तिघांचं बोलतं, म्हणून शक्य झाल्यास २० ऐवजी ३० गाठा.

ही कुटुंबं गावी सापडतात ती दिवाळीला आणि गावच्या यात्रेला, तेव्हा पुन्हा भेट तेव्हाच ठेवा. मात्र राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणासारखा ‘गेल्या १५ दिवसांत कोण आजारी होतं’ हा प्रश्न विचारलात, तर ते १५ दिवस त्यांनी दूरच्या शहरात काढलेले असतात आणि तुम्ही ते खानापूरच्या खात्यात टाकता. प्रश्नावलीत ‘गेले १५ दिवस कुठं होता’ हा रकाना आजारपणाच्या रकान्याच्या आधी ठेवा.